सीटवर तांदूळ, हातात ओळंबा: एमएक्स-फाइव्हची उंची लावताना

इंग्लंडमध्ये स्विंडनला आल्यावर दुसऱ्याच वर्षी मी जुनी माझ्दा एमएक्स-फाइव्ह घेतली, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. पहिल्या पिढीची, 1600 सीसी, बटण दाबलं की दिवे वर येणारी. हौसेला मोल नाही, तेव्हा लगेच उंची बदलता येणारे शॉक-अब्जॉर्बर बसवले आणि त्यांच्यावरच्या, स्प्रिंगला खालून आधार देणाऱ्या चारही रिंगा जमेल तितक्या खाली फिरवल्या. टायर आणि मडगार्डच्या कडेत दोन बोटं जाईनात. गाडी लावून घरात जाताना तीनदा मागे वळून बघायचो. आठवड्याभरात एका ओल्या राउंडअबाउटवर मागची बाजू एकदम सुटली आणि गाडी गर्रकन फिरून आलो त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. वेग म्हणाल तर ताशी तीस मैलही नसेल.

टायर चांगले होते. चुकलं होतं ते माझ्या रिंगांचं. शॉकच्या दांडीवर एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. स्प्रिंग पुरेशी दबली की शॉकची बॉडी त्याला टेकते आणि तिथून पुढे ते चाक एकदम कडक होतं. एमएक्स-फाइव्हच्या सस्पेन्शनला मुळातच हालचाल कमी. त्यात मी गाडी इतकी खाली आणली होती, की वळणावर बाहेरचं मागचं चाक ठोकळ्यावर बसायचं आणि त्या टायरची पकड एका क्षणात संपायची.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. शॉकच्या चकचकीत दांडीवर प्लास्टिकचा एक बारीक केबल टाय घट्ट आवळा आणि सरकवत खाली बॉडीला टेकवा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगात वीस मिनिटं फिरून या. स्प्रिंग दबताना टाय वर ढकलला जातो आणि सगळ्यात वरच्या जागी थांबतो. तो ठोकळ्याला चिकटलेला दिसला, की तुमची गाडी स्प्रिंगवर कमी आणि रबरावर जास्त चालते आहे. माझे चारही चिकटले होते.

उंची मोजायची ती जमिनीपासून नाही. टायरची झीज, हवा, सगळं त्या मापात घुसतं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर मोजा. माझी मूळ उंची 355 मिलिमीटरच्या आसपास होती. बऱ्याच उचकापाचकीनंतर मी पुढे 330 आणि मागे 340 वर थांबलो. मागे थोडी जास्त, कारण या गाडीत दोन्हीकडे सारखा आकडा ठेवला तर ती मागे बसल्यासारखी होते. याहून खाली गेलं की चाकाला गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या आर्मचे कोन बिघडतात. गाडीचा गुरुत्वमध्य जितका खाली येतो, त्याहून जास्त तिचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती ती कलते तो, खाली जातो, आणि खाली आणलेली गाडीच वळणावर जास्त कलायला बघते.

रिंग फिरवताना एक लक्षात ठेवा. स्प्रिंग चाकाच्या बरीच आत बसलेली असते, त्यामुळे पुढची रिंग 7 मिलिमीटर सरकवली की गाडी जवळजवळ 10 हलते. थोडं फिरवा, गाडी मागेपुढे ढकलून बसू द्या, मग मोजा. जॅकवरून नुकतीच उतरवलेली गाडी टायर अडकल्यामुळे तात्पुरती उंच दिसते. मी प्रत्येक चाकाखाली फरशीच्या दोन व्हिनाइल टाइल्स ठेवतो, मधे ग्रीस. चाक आपोआप आपल्या जागी सरकतं.

माझे बाबा सांगलीत बांधकामाचे ठेकेदार होते. त्यांचा पितळी ओळंबा मी इकडे येताना आठवण म्हणून आणला, आणि पुढे चाकांचे कोन मोजताना तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला. गॅरेजची जमीन सपाट आहे असं आपण धरून चालतो. मी गवंड्यांची पारदर्शक पाण्याची नळी चार चाकांच्या जागी फिरवून बघितली, तर मागचा उजवा कोपरा 9 मिलिमीटर खाली निघाला. तिथे टाइल्स वाढवल्या. हे न करता काढलेले पुढचे सगळे आकडे कचऱ्यात गेले असते.

मग गाडी आपण चालवतो तशी भरायची. टायरमध्ये रोजची हवा, अर्धी टाकी पेट्रोल, आणि ड्रायव्हर. माझं वजन 78 किलो. सीटवर बासमतीच्या 20 किलोच्या तीन पिशव्या, पायाशी 10 किलोची एक आणि हत्यारांची 8 किलोची पेटी.

आता चार वजनकाटे. मित्राकडून उसने आणले. डुगडुगणारा चौरंग आठवा: कर्णावरचे, म्हणजे तिरके समोरासमोरचे दोन पाय टेकतात, उरलेले दोन तरंगतात. गाडीचं तेच, फक्त स्प्रिंगमुळे डोळ्यांना दिसत नाही. माझे आकडे किलोत होते पुढे डावं 245, उजवं 287, मागे डावं 272, उजवं 256. एकूण 1060. पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून 559, म्हणजे 52.7 टक्के. हा कर्ण पन्नासच्या जवळ हवा, नाहीतर गाडी एका बाजूला झकास वळते आणि दुसऱ्या बाजूला रुसते. रिंगांनी पुढच्या दोन चाकांची किंवा डाव्या दोघांची बेरीज बदलत नाही, तो नाद सोडा. फक्त कर्ण बदलतो. मी पुढची डावी आणि मागची उजवी थोडी वर, उरलेल्या दोन तेवढ्याच खाली, असं करत 259, 273, 258, 270 वर आलो. बेरीज तीच, कर्ण 531. त्याआधी अँटीरोल बारची, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीची, एका बाजूची लिंक सोडायला विसरू नका. बार पिळलेला राहिला तर काटे खोटं बोलतात.

आता ज्यानं माझे तीन शनिवार खाल्ले, ते. आर्मच्या टोकाला रबरी बुश असतात. रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं, आर्म हलला की ते पिळतं. बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना घट्ट केला, तर गाडी खाली आल्यावर बुश कायमचं पिळलेलं राहतं. उंची चुकीची दिसते आणि रबर लवकर फाटतं. म्हणून बोल्ट सैल करा, खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून मधापासून कडेपर्यंतचं माप पुढे 330, मागे 340 येईपर्यंत उचला आणि मग आवळा. गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, यावर डोळा ठेवा. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्यामुळे हे लांब बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतात. माझा एक शेवटी करवतीनं कापावा लागला. नवे घालताना तांब्याचं ग्रीस भरपूर लावा.

चाकांचे कोन उंची ठरल्यावरच, कारण उंची बदलली की तेही बदलतात. आधी कॅम्बर, म्हणजे समोरून पाहताना चाक किती कललेलं आहे ते, मग टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची कड किती आत वळलेली आहे ते. कॅम्बरसाठी चाकाशेजारी ओळंबा सोडला आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेचं अंतर मोजलं. माझ्या 14 इंची रिमवर वरचं अंतर पुढे 8 मिलिमीटर जास्त, म्हणजे सव्वा अंश आत. मागे साडेअकरा, म्हणजे पावणेदोन. टोसाठी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर सुतळी ताणायची. इथे लोक फसतात. या गाडीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा किंचित रुंद उभी असतात, त्यामुळे पुढच्या चाकापासून सुतळी आठ-नऊ मिलिमीटर जास्त लांब हवी. पुढे एकूण दीड मिलिमीटर आत, मागे तीन. कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहताना स्टिअरिंगचा अक्ष किती मागे झुकलेला आहे ते, घरी मोजत बसलो नाही. दुकानात दोन्हीकडे सारखं, पाच अंशांच्या जवळ ठेवून घेतलं.

शॉक किती कडक ते ठरवणाऱ्या बटणाचे क्लिक अगदी शेवटी. पूर्ण घट्ट करून तिथून मोजत मागे या, एका वेळी एकाच टोकाचे दोन बदला, आणि आकडे कागदावर लिहा. दोनशे मैलांनी उंची परत मोजा, नव्या स्प्रिंगा बसतात. आणि दिवे बघा: पुढचा भाग जास्त खाली आला की झोत रस्त्यात पायाशीच पडतो, आणि एमओटीला, म्हणजे इथल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीला, ते तपासतात.

तांदळाच्या पिशव्या स्वयंपाकघरात नेण्याआधी हात धुवा. आमच्या एका पिशवीवर माझा काळा अंगठा आठवडाभर होता, आणि घरात त्याची चर्चा गाडीपेक्षा जास्त झाली.