पुठ्ठ्याचा सेंच्युरियन : कागदी रणगाडा कसा बांधावा

कागदी रणगाडा करायचा म्हटले की बहुतेक जण तोफेपासून सुरुवात करतात, कारण डोळ्यांत तीच भरते. पण प्रतिकृती बिघडते ती तोफेपायी नव्हे. आतला सांगाडा एका कोपऱ्यात मिलिमीटरभर पिळलेला असतो, त्यामुळे दोन चाके जमिनीला टेकत नाहीत आणि तीस सेंटिमीटरचा रणगाडा टेबलावर लंगडा उभा राहतो. म्हणून या लेखात बाहेरून अजिबात न दिसणाऱ्या भागावर जास्त जागा खर्च केली आहे.

नमुना म्हणून मी ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन निवडला आहे आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की आपल्या १७ हॉर्स, म्हणजे पूना हॉर्स या रेजिमेंटने १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत हाच रणगाडा वापरला. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांना १९६५ साली आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना १९७१ साली बसंतरच्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, ते सेंच्युरियनवरून लढतानाच्या पराक्रमाबद्दल. खेत्रपाल यांचा ‘फमागुस्ता’ हा रणगाडा अहिल्यानगर येथील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने जतन केला आहे, आणि त्याच शहरातल्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सामान्य माणसालाही सेंच्युरियन जवळून पाहता येतो. दुसरे कारण निव्वळ कारागिरीचे आहे. सेंच्युरियनच्या दोन्ही बाजूंना लांबलचक पोलादी पत्रे टांगलेले असतात आणि साखळपट्ट्याचा वरचा निम्मा भाग त्यांच्याआड जातो. कागदकाम करणाऱ्याला सर्वांत छळणारा भाग झाकण्याची सोय मूळ रणगाड्यातच असेल, तर ती नाकारण्यात शहाणपण नाही.

प्रमाण आणि छपाई

कागदी रणगाड्यांसाठी १:२५ हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी रूढ आहे आणि नवशिक्याने त्याहून लहान जाऊ नये. सेंच्युरियनचे धड साधारण ७.६ मीटर लांब, ३.३९ मीटर रुंद आणि संपूर्ण रणगाड्याची उंची तीन मीटर. तोफ पुढे धरली तर एकूण लांबी ९.८ मीटरच्या आसपास जाते. १:२५ प्रमाणात हेच आकडे अनुक्रमे ३०.४, १३.६, १२ आणि ३९ सेंटिमीटर होतात. १:३५ प्रमाणात धड जेमतेम २२ सेंटिमीटरचे उरते, आणि मग दिव्यांच्या जाळ्या व टरेटवरच्या (तोफ असलेल्या फिरत्या बुरुजावरच्या) कड्या कापताना कागदाआधी माणसाचा धीर सुटतो.

येथे एक अडचण लगेच लक्षात येईल. ए-४ कागदाची लांबी २९.७ सेंटिमीटर असते, म्हणजे धडाची पूर्ण बाजू त्यावर मावत नाही. ए-३ छपाईची सोय असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास बाजू दोन तुकड्यांत छापून सांधा बाहेरच्या पत्र्याआड जाईल अशा ठिकाणी घ्यावा. बाजूचे पत्रे मुळातच तुकड्यातुकड्यांचे असल्यामुळे तेथे जोड दिसला तरी तो खराच वाटतो. तयार नमुना विकत घेतलेला असो वा मापांवरून स्वतः रेखाटलेला, छापण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरची एक रेघ असल्याची खात्री करावी आणि छापून आल्यावर ती पट्टीने मोजावी. प्रिंटर पुष्कळदा ‘पानात बसवण्यासाठी’ चित्र आपणहून दोन-तीन टक्के लहान करतो, आणि एक पान लहान व दुसरे पान पूर्ण आकाराचे असे झाले तर कोणताही भाग कोणत्याही भागाला बसत नाही.

बाहेरच्या आवरणासाठी १६० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा. सांगाड्यासाठी एक मिलिमीटरचा करडा पुठ्ठा, चाकांसाठी तोच दुहेरी आणि अगदी बारीक भागांसाठी साधा ८० जीएसएमचा बाँड पेपर लागतो. इंकजेटवर छापले असेल तर कापण्याआधी मॅट फिक्सेटिव्हचा, म्हणजे रंग पक्का करणाऱ्या द्रावणाचा, पातळ फवारा मारून पान सुकू द्यावे, नाहीतर फेव्हिकॉलच्या ओलाव्याने आणि बोटांच्या घामाने हिरवा रंग पसरतो.

कापण्याआधीची तयारी

हत्यारे मोजकीच लागतात : टोकदार पात्याचा कटर, पोलादी पट्टी, कटिंग मॅट, शाई संपलेले बॉलपेन, चिमटा, दात कोरण्याच्या काड्या, फेव्हिकॉल आणि थोडे फेव्हिक्विक. पाते मात्र सढळ हाताने बदलावे. बोथट पाते कागद कापत नाही, फाडते. आणि फाटलेली कड रंगवूनही लपत नाही.

कागदाच्या तंतूंना दिशा असते, ही गोष्ट पुस्तक बांधणाऱ्यांना ठाऊक असते पण छंद म्हणून काम करणाऱ्यांना अनेकदा नसते. कागद दोन्ही हातांत धरून आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो निमूटपणे वाकतो, त्या वळणाच्या अक्षाला तंतू समांतर असतात. तोफेची नळी, धूरनळकांडी आणि टरेटचे गोलाकार भाग यांचे तंतू नेहमी नळीच्या लांबीच्या दिशेने असावेत. उलट दिशेने गुंडाळलेल्या नळीवर बारीक सुरकुत्या पडतात आणि ती कधीच पूर्ण गोल होत नाही.

प्रत्येक घडीची रेघ कापण्यापूर्वी कोरड्या बॉलपेनने दाबून घ्यावी. कापून झाल्यावर लहान तुकड्यावर पट्टी नीट टिकत नाही. त्यानंतर तुकडा कापावा आणि चिकटवण्याआधी त्याच्या पांढऱ्या कडा जलरंगाने रंगवाव्यात. रंग मूळ छपाईपेक्षा किंचित गडद ठेवावा, कारण कडा फिक्या राहिल्या की संपूर्ण प्रतिकृती लगेच कागदाची दिसते, तर गडद कडा सावलीत मिसळून जाते.

सांगाडा

सेंच्युरियनच्या धडाच्या खालच्या बाजू होडीसारख्या आत झुकलेल्या असतात, त्यामुळे आतल्या आडव्या चौकटी चौकोनी नसून समलंब असतात. दोन लांब उभ्या पट्ट्या आणि पाच-सहा आडव्या चौकटी, दोहोंना अर्ध्या उंचीपर्यंत खाचा, आणि त्या एकमेकींत अडकवणे अशी ही रचना आहे. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. नमुना एक मिलिमीटरसाठी रेखाटलेला असेल आणि हातातला पुठ्ठा त्यावर कागद चिकटवल्यानंतर सव्वा मिलिमीटर भरत असेल, तर खाचा रुंद कराव्या लागतातच, शिवाय धडाची रुंदीही वाढते आणि बाहेरचे आवरण कमी पडते. म्हणून आधी एक तुकडा चिकटवून, सुकवून मोजावा आणि मगच पुढचे कापावे. आवरणाची जाडी सांगाड्याच्या मापातून वजा केलेली आहे की नाही हेही याच वेळी पाहावे.

पुठ्ठ्यावर नमुन्याचे पान चिकटवताना पाणी घातलेला फेव्हिकॉल वापरू नये. चिकटवलेला पुठ्ठा दोन काचांमध्ये ठेवून त्यावर जाडजूड पुस्तके रचावीत आणि रात्रभर हात लावू नये. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, एक रात्र पुरत नाही. वर कोरडा वाटणारा पुठ्ठा आत ओला असतो आणि दुसऱ्या दिवशी पापडासारखा वळतो. माझा पहिला सांगाडा जुलै महिन्यात असाच वाया गेला. त्यानंतर मी जुलै-ऑगस्टात फक्त चाके आणि बारीक भागच करतो.

खाचा आधी गोंद न लावता जुळवून पाहाव्यात. सांगाडा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून एकेका कोपऱ्यावर बोट दाबावे. विरुद्ध कोपरा उचलला गेला तर पीळ आहे असे समजावे. मग वरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावेत. ते अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखे असले तरच सांध्यांवर काडीने गोंद सोडावा, आणि सुकेपर्यंत सांगाडा काचेवर वजनाखालीच ठेवावा. येथे घालवलेली एक संध्याकाळ पुढे चाकांच्या वेळी चार संध्याकाळी वाचवते.

आवरण चढवताना आधी तळ, मग खालच्या झुकत्या बाजू, त्यानंतर पुढचा उतरता पत्रा आणि शेवटी वरचे छत असा क्रम ठेवावा. गोंदाचा पातळ थर लावून मिनिटभर थांबावे व तो चिकटसर झाला की तुकडा टेकवावा. ओल्या गोंदावर टेकवलेल्या कागदातून आतल्या चौकटींच्या रेषा नंतर बरगड्यांसारख्या दिसू लागतात.

चाके आणि साखळपट्टे

प्रत्येक बाजूला सहा चाके आणि प्रत्येक चाक दुहेरी, म्हणजे एकूण २४ चकत्या लागतात. दोन चकत्यांमध्ये मोकळी जागा हवी, कारण साखळीचे मार्गदर्शक दाते त्या फटीतून जातात. चकत्या कात्रीने कापू नयेत. कटरने आधी अष्टकोन, मग सोळा कोन असे करत गोलाकडे यावे, कडेला फेव्हिक्विक मुरू द्यावे आणि ती दगडासारखी कडक झाली की बारीक पॉलिश पेपरवर घासावी. हे काम खिडकी उघडी ठेवून करावे. चोवीस चकत्या एकाच बैठकीत उरकण्याचा हट्ट धरल्यास शेवटच्या सहा नक्कीच अंडाकृती होतात.

सेंच्युरियनची चाके दोन-दोनच्या जोडीने एकेका बोगीवर, म्हणजे चाके धरणाऱ्या चौकटीवर, बसतात, अशा तीन बोगी प्रत्येक बाजूला. बोगी चिकटवताना धड पुन्हा काचेवर, योग्य उंचीच्या पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांवर ठेवावे आणि बारा चाके काचेला टेकलेली असतानाच गोंद सुकू द्यावा. मागचे दातेरी चाक आणि पुढचे ताण देणारे चाक यांना मात्र जमीन लागत नाही.

साखळपट्ट्यासाठी चाकांभोवती दोरा फिरवून लांबी मोजावी आणि बाँड पेपरची तेवढी पट्टी कापावी. तिच्यावर कड्या एकेक चिकटवायच्या त्या फक्त जमिनीलगतच्या भागात आणि पुढच्या-मागच्या वळणांवर. वर, पत्र्याआड जाणारी पट्टी कोरी ठेवली तरी चालते. हा आळस नव्हे. जे दिसत नाही त्यावर चार संध्याकाळी घालवणाऱ्याची टरेटवरच्या कामाच्या वेळी उमेद संपलेली असते. पट्टा बसवल्यानंतरच बाजूचे पत्रे लावावेत. खऱ्या पत्र्याची जाडी काही मिलिमीटरच असते, त्यामुळे १:२५ प्रमाणात २०० जीएसएमचा एकेरी कागदच जवळजवळ अचूक ठरतो. येथे पुठ्ठा वापरला की रणगाडा लाकडी दिसू लागतो.

टरेट आणि तोफ

टरेटचा पुढचा भाग गोलसर आहे आणि कागद दोन दिशांनी एकदम वळत नाही, ही त्यातली खरी मेख आहे. नमुन्यात तो भाग कळ्या-कळ्यांनी दिलेला असतो. प्रत्येक कळी तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने आतून चोळून किंचित फुगवावी, मग आतून पातळ पट्टीने जोडावी. बाजूंच्या सामानपेट्या सरळ खोक्यासारख्या असतात आणि चुकलेले बरेचसे सांधे उदारपणे झाकतात.

भारतीय सेंच्युरियनवरची ‘वीस पौंडी’ या नावाची तोफ आतून ८४ मिलिमीटर व्यासाची होती, म्हणजे १:२५ प्रमाणात नळीचे तोंड सुमारे ३.४ मिलिमीटरचे हवे. त्या जाडीच्या विणकामाच्या सुईवर बाँड पेपरची लांब समलंब पट्टी गुंडाळावी. रुंद कड सुईला समांतर ठेवून सुरुवात केली, की पट्टी अरुंद होत जाते तसे थर तोफेच्या मुळाशी जास्त आणि तोंडाशी कमी पडून उतार आपोआप तयार होतो. गोंद फक्त शेवटच्या दोन वेढ्यांना लावावा व सुकण्यापूर्वी सुई फिरवून सैल करावी. छायाचित्रात नळीच्या मध्यावर धूर शोषणारा फुगवटा दिसत असेल, तर त्या जागी आणखी काही वेढे द्यावेत.

तोफ जेथे टरेटमध्ये शिरते तेथे कापडी आवरण असते. ते छापील सपाट तुकड्याने कधीच पटत नाही. टिश्यू पेपरचा तुकडा पाणी मिसळलेल्या गोंदात बुडवून, चिमट्याने सुरकुत्या पाडत बसवावा आणि सुकल्यावर हिरवट खाकी रंग द्यावा. पातळ गोंदाला परवानगी आहे ती या एकाच ठिकाणी. टरेटच्या दोन्ही अंगांना सहा-सहा धूरगोळ्यांच्या नळ्या असतात, त्या टाचणीवर गुंडाळाव्यात. टरेट धडाला चिकटवू नये, तर खाली पुठ्ठ्याची गोल चकती देऊन फिरती ठेवावी.

दिवे, साखळ्या, मागच्या पंखांवरची धुराड्यांची पेटी, चालकाची उजवीकडची झडप हे सगळे यानंतर, छायाचित्र समोर ठेवून करावे. धूळ दाखवायची असेल तर मातकट खडूची पूड कोरड्या ब्रशने खालच्या बाजूंवर आणि चाकांवर चोळावी, टरेटवर नको. अँटेना म्हणून नायलॉनच्या झाडूचा एक केस पुरतो, पण तो प्रतिकृती कपाटात तिच्या ठरलेल्या जागी ठेवल्यावरच बसवावा, कारण नेताना सर्वांत आधी तुटतो तोच.