आई-बाबांना घेऊन सिंगापूरहून जोहोर बाहरूला: बस, आगगाडी आणि दोन रांगा

आमचं घर सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्समध्ये आहे. बाराव्या मजल्याच्या गॅलरीतून समोर जोहोर बाहरूच्या इमारती दिसतात. माझे सासू-सासरे मिरजेहून पहिल्यांदा आले तेव्हा बाबांनी विचारलं, "हे पलीकडचं गाव कोणतं?" मी म्हटलं, "बाबा, तो मलेशिया." त्यांना खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा गॅलरीत उभं राहून विचारलं, "मग आपण जायचं कधी?"

आम्ही गेलो, आणि चुकीच्या दिवशी गेलो. जून महिना, शाळांना सुट्टी, त्यात शनिवारची सकाळ. सिंगापूर आणि जोहोरला जोडणारा १०५६ मीटरचा बांध (कॉजवे) ओलांडायला आम्हाला साडेतीन तास लागले. आईंच्या गुडघ्यांचा त्रास मला माहीत होता, तरी मी तो दिवस निवडला. रात्री त्यांचे पाय सुजलेले पाहून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर चार वेळा दोघांना सुखरूप नेऊन आणलं. ज्यांचे आई-बाबा गावाहून येतात आणि "एक दिवस मलेशिया दाखवू" असं ज्यांच्या मनात असतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एकट्या तरुण माणसाला यातलं निम्मं लागणार नाही.

सर्वांत आधी व्हिसा बघा, आणि मलेशियाच्याही आधी सिंगापूरचा. आई-बाबा सिंगापूरच्या व्हिसावर आलेले असतात. तो एकाच प्रवेशाचा असेल, तर जोहोरला पाऊल टाकल्यावर परतीची वाट बंद. व्हिसाच्या कागदावर 'मल्टिपल' लिहिलेलं आहे का आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. "एजंटने सांगितलंय" एवढ्यावर जाऊ नका. परत येताना त्यांना नव्याने किती दिवस मिळतील, हे तिथला अधिकारी ठरवतो. त्यामुळे भारतात परतण्याच्या तारखेला अगदी खेटून ही सहल ठेवू नका, आणि विमानाचं परतीचं तिकीट फोनमध्ये हाताशी ठेवा.

मलेशियाने भारतीय पासपोर्टवाल्यांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे आणि ती २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली आहे. पण मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड भरावंच लागतं. लोक त्याला एमडॅक म्हणतात. ते प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. आपण इथे पीआर (कायमचे रहिवासी) असलो तरी पासपोर्ट भारतीय आहे, म्हणजे आपल्यालाही ते चुकत नाही. परत येताना आई-बाबांसाठी सिंगापूरचं आगमन कार्ड पुन्हा भरावं लागतं. विमानतळावर उतरताना भरलेलं आता चालत नाही. पीआर किंवा लाँग टर्म पास (इथे दीर्घकाळ राहण्याचा परवाना) असलेल्यांना रस्त्याने परतताना ते लागत नाही, म्हणून आपण आपल्या हिशेबाने चालतो आणि नेमकं पालकांचं विसरतो. दोन्ही कार्डं सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. शोधताना वरती पैसे मागणारी संकेतस्थळं दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

सिंगापूरच्या कार्डात ईमेलचा रकाना असतो, तिथे स्वतःचा पत्ता द्या. सिंगापूर पासपोर्टवर शिक्का मारत नाही. किती तारखेपर्यंत राहता येईल, ते ईमेलने कळवतात. बाबांच्या ज्या ईमेलचा पासवर्ड मिरजेच्या वहीत आहे, तिथे ते पत्र जाऊन उपयोग नाही.

वार आणि वेळ

या बांधावरून दिवसाला ३ लाखांहून अधिक माणसं ये-जा करतात. त्यात मोठा भाग जोहोरला राहून सिंगापुरात नोकरी करणाऱ्यांचा. ते पहाटे चार-पाचपासून इकडे यायला निघतात आणि संध्याकाळी परततात. आपण कामाच्या दिवशी सकाळी तिकडे गेलो, तर ओघाच्या उलट दिशेने जातो. मंगळवार किंवा बुधवार, सकाळी साडेनऊ-दहाला घरून निघणं, हे मला सगळ्यात सोयीचं पडलं आहे. परत येतानाही तसंच. संध्याकाळची गर्दी सिंगापूरहून जोहोरकडे असते, आपण विरुद्ध बाजूने येत असतो.

शनिवार-रविवारी हे सगळं उलटतं. शुक्रवारी संध्याकाळपासून सिंगापूरकर तिकडे लोटतात आणि रविवारी संध्याकाळी एकदम परततात. जून आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या मोठ्या सुट्ट्या, मार्च आणि सप्टेंबरमधला एकेक आठवडा, दोन्ही देशांच्या सणांच्या जोडसुट्ट्या या दिवशी ज्येष्ठांना नेऊच नका. एक दिवस रजा टाकावी लागली तरी टाका.

बसने जायचं तर

बसचं गणित नव्या माणसाला विचित्र वाटतं, म्हणून नीट सांगते. बस तुम्हाला थेट पलीकडे नेत नाही. ती वुडलँड्स चेकपॉइंटवर सोडते. सगळं सामान घेऊन उतरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, सिंगापूरमधून बाहेर पडल्याची नोंद करायची, पुन्हा खाली उतरून बस पकडायची. तुमची आधीची बस तोवर निघून गेलेली असते. त्याच नंबरची पुढची बस घ्यायची. ती बांध ओलांडून मलेशियाच्या इमारतीत, म्हणजे बांगुनान सुलतान इस्कंदरमध्ये सोडते. तिथे पुन्हा वर, पुन्हा रांग.

एकदा मी पाण्याची बाटली आणि आईंच्या गोळ्यांची पिशवी सीटवर ठेवून उतरले, परत याच बसमध्ये बसायचंय अशा समजुतीने. पिशवी गेली ती गेली. औषधं नेहमी अंगाला लावलेल्या पर्समध्ये ठेवा.

वुडलँड्स स्टेशनवरून ९५० नंबरची बस, क्रांजी स्टेशनवरून १७० एक्स. शहराच्या मध्यातून क्वीन स्ट्रीटवरून १७० आणि पिवळ्या रंगाच्या कॉजवे लिंकच्या बस सुटतात. लिटल इंडियाजवळ राहणाऱ्यांना १७० सोयीची वाटते, पण ती बुकित तिमाच्या लांब रस्त्याने थांबत थांबत येते. आई-बाबा बरोबर असतील तर एमआरटीने, म्हणजे मेट्रोने, क्रांजी किंवा वुडलँड्सला या आणि तिथून बस धरा. मेट्रोत बसायला जागा मिळते आणि स्टेशनवर स्वच्छतागृह असतं. चेकपॉइंटच्या रांगेत एकदा शिरल्यावर मधूनच बाहेर पडणं अवघड जातं, म्हणून स्टेशनवरच जाऊन या.

९५०, १७० वगैरेंना नेहमीचं ईझी-लिंक (सिंगापूरचं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड चालतं. चेकपॉइंटवर उतरताना कार्ड टेकवायचं, पुढच्या बसमध्ये चढताना परत टेकवायचं. प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. कॉजवे लिंकचं कागदी तिकीट घेतलंत तर ते फेकू नका, पुढच्या बसमध्ये तेच दाखवावं लागतं.

रांगेत आई-बाबांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे राहा. तुम्ही आधी पलीकडे गेलात आणि त्यांना काही विचारलं गेलं, तर परत मागे येता येत नाही. बोटाचे ठसे घेताना म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात, यंत्र दोन-तीनदा नाकारतं. आई दर वेळी घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवते की बोटं रुमालाने कोरडी करून पुन्हा टेकवायची, नाहीच झालं तर अधिकारी काउंटरवर बोलावतात. बसता येण्यासारखी जागा वाटेत फार कमी आहे. घडीचा हलका स्टूल नेणं मला आधी अवघडल्यासारखं वाटायचं, आता मी तो नेतेच.

मलेशियाच्या काउंटरवरून पुढे सरकण्याआधी पासपोर्ट उघडून शिक्का पडला आहे ना, ते बघा. राहून गेला असेल तर तिथल्या तिथे मागा.

बसमध्ये डावी-उजवीकडे बघायला सांगा. बांधाला लागून जाड पाण्याचे नळ दिसतात. जोहोर नदीचं पाणी सिंगापूरला येतं, १९६२ चा करार २०६१ पर्यंतचा आहे. कृष्णाकाठी आयुष्य गेलेल्या बाबांनी त्या नळांवर मला इतके प्रश्न विचारले की पुढच्या वेळी मी वाचून गेले. हा बांध १९२३ मध्ये आगगाड्यांसाठी खुला झाला आणि २८ जून १९२४ ला त्याचं रीतसर उद्घाटन झालं. ३१ जानेवारी १९४२ ला माघार घेणाऱ्या ब्रिटिश बाजूच्या सैन्याने तो सुरुंग लावून फोडला होता. कधी बस अडकून पडली की लोक उतरून चालायला लागतात. बरोबर ज्येष्ठ असतील तर बसमध्येच बसून राहा.

आगगाडी मिळाली तर आगगाडीच

बाबा मिरज जंक्शनला रेल्वेत गार्ड होते. एकेकाळी मिरजेत ब्रॉड, मीटर आणि नॅरो, तिन्ही गेजचे रूळ होते, हे ते आजही अभिमानाने सांगतात. वुडलँड्सला गाडीशी पोचताच त्यांनी खाली वाकून रूळ पाहिले आणि म्हणाले, "अगं, ही तर मीटर गेज!" खरंच, मलेशियाची रेल्वे मीटर गेजवर चालते. पाच मिनिटांचा तो प्रवास त्यांनी खिडकीला नाक लावून केला.

या गाडीचं नाव शटल तेब्राउ. जुलै २०१५ पासून ती वुडलँड्स चेकपॉइंट ते जेबी सेंट्रल (जोहोर बाहरूचं स्टेशन) धावते. तिचा मोठा फायदा असा की जाताना दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच, गाडीत बसण्याआधी होते. जोहोरला उतरलं की सरळ बाहेर. मध्ये जिने चढ-उतार नाही, बस बदलणं नाही. येताना मलेशियाची तपासणी जेबी सेंट्रलला आणि सिंगापूरची वुडलँड्सला उतरल्यावर. तिकीट जाताना ५ सिंगापूर डॉलर, येताना ५ रिंगिट (मलेशियाचं चलन). एका डॉलरला तीन रिंगिटहून जास्त मिळतात, म्हणजे परतीचं तिकीट तिपटीहून स्वस्त.

अडचण तिकिटांची. मलेशियन रेल्वेच्या ॲपवर आधी काढावी लागतात, प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो, आणि शनिवार-रविवारची कधीच संपलेली असतात. मंगळवार-बुधवारच्या सकाळच्या गाड्या त्यामानाने मिळतात. आधी तिकीट काढायचं आणि मग रजा टाकायची, असा क्रम मी ठेवते. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, भरा. पाऊण तास आधी पोचा. दोन्ही बाजूंची मिळाली नाहीत तर निदान जातानाचं घ्या आणि परत बसने या. जातानाच दोन्ही तपासण्या एका जागी होतात, म्हणून खरा आराम त्याच बाजूला आहे.

आरटीएस लिंक ही नवी सीमापार रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू करण्याचं नियोजन आहे. वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चगार, सुमारे ४ किलोमीटर, पाच मिनिटं, तासाला एका दिशेने १० हजार प्रवासी. तिच्यात जाताना आणि येताना, दोन्ही वेळी, दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या स्टेशनवरच होणार आहे. माझ्या आईंसारख्यांसाठी मी तिची फार वाट बघते आहे. ती सुरू झाल्यावर शटल तेब्राउ बंद होणार आहे, म्हणून बाबांना त्याआधी आणखी एकदा बसवून आणायचं आहे.

चालणं अगदीच जमत नसेल, तर परवाना असलेली सीमापार टॅक्सी घ्या. महाग पडते, पण गाडीतच बसून पासपोर्ट दाखवता येतो. चॅटवर "स्वस्तात घरून घरी नेतो" म्हणणाऱ्या खासगी गाड्या मात्र घेऊ नका. त्या बेकायदा आहेत, त्यांच्यावर कारवाई होते, आणि मध्येच गाडी अडवली गेली तर आपण म्हाताऱ्या माणसांना घेऊन रस्त्यावर.

पलीकडे गेल्यावर

मलेशियाच्या इमारतीतून झाकलेल्या पुलाने जेबी सेंट्रल आणि पुढे सिटी स्क्वेअर मॉलमध्ये जाता येतं. ऊन-पाऊस लागत नाही. मॉलमध्ये डॉलर बदलून रिंगिट घ्या, आधी कॉफी पाजा, अर्धा तास बसू द्या. पुढे ग्रॅबच्या ॲपवरून टॅक्सी बोलवा, स्वस्त असते.

आम्ही दर वेळी अरुल्मिगु श्री राजकालीअम्मन मंदिरात जातो. भिंती, खांब, छत, सगळीकडे काचेचे तुकडे जडवलेले आहेत, सुमारे ३ लाख. आई पहिल्यांदा आत शिरल्या तेव्हा बोलेचनात. मग हळूच म्हणाल्या, "देवी आपलीच आहे गं." बाहेरून येणाऱ्यांसाठी दर्शनाची वेळ वेगळी असते, ती पाहून जा. जेवायला जालान उंकू पुआनच्या बाजूला केळीच्या पानावरचं तमिळ जेवण मिळतं. वरण-भातावर वाढलेल्या माणसाला ते चालतं. जवळच जालान तान हिओक नी या रस्त्यावर जुन्या लाकडाच्या भट्टीतला केळ्याचा केक प्रसिद्ध आहे. त्यात अंडं असतं, घरात कोणी खात नसेल तर आधी सांगा.

येताना च्युइंगगम आणू नका. मलेशियातून आणलेल्या दारूला आणि सिगारेटला करमाफी नाही, एका सिगारेटलाही नाही. खायचा तंबाखू, गुटखा, खैनी या सिंगापुरात मुळातच बंदी असलेल्या वस्तू आहेत. गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीत एखादी पुडी चुकून राहिलेली असते. निघायच्या आदल्या रात्री आईंची पिशवी त्यांच्या समोरच, त्यांना विचारून, मी एकदा तपासते.

जोहोरहून साडेतीन-चारला निघालं की दिवेलागणीच्या आधी घरी पोचतो. वुडलँड्सच्या बाजूची रांग संपली की तिथूनच टॅक्सी करा. घरापर्यंतचा तो शेवटचा टप्पा बसने करायचा हट्ट मी सोडून दिला आहे. आई दारातच चपला काढून पाय कोमट पाण्यात सोडून बसतात, आणि बाबा गॅलरीत जाऊन समोरच्या दिव्यांमध्ये मंदिर कुठे असेल ते शोधत राहतात.