इंग्लिशच्या पेपरमधले फिगर्स ऑफ स्पीच: नाव ओळखलं, पुढे काय लिहायचं?

सिमिली, मेटाफर, पर्सनिफिकेशन, अलिटरेशन ही फिगर्स ऑफ स्पीचची, म्हणजे अलंकारांची, लिस्ट बहुतेकांची पाठ असते, कवितेत काही सापडलं की "पोएटने इथे मेटाफर वापरलंय" एवढं लिहायचं आणि पुढचा प्रश्न घ्यायचा. नाव बरोबरच असतं हो, पण ते सांगून कविता कळली असं होत नाही. कवीने सरळ का नाही सांगितलं, असं वळवून का सांगितलं, हे लिहायला हवं आणि तिथेच सगळे अडकतात.

यासाठी एक साधी पद्धत आहे. ओळ वाचली की ती आधी तुमच्या साध्या शब्दांत सांगून बघा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघा की साधं करताना काय गळलं. जे गळलं तेच त्या अलंकाराचं काम, आणि तेच उत्तरात लिहायचं. समजा ओळ आहे "हर सायलेन्स वॉज अ लॉक्ड डोअर". साध्या शब्दांत, ती गप्प होती. मग गळलं काय? दाराला कुलूप कुणीतरी लावलेलं असतं, म्हणजे ती मुद्दाम गप्प आहे, आत काहीतरी जपलंय, आणि कुलूप आहे म्हणजे कुठेतरी किल्ली पण असणार. एवढं सगळं एका मेटाफरमध्ये मावलं. आता तिथे "लाइक अ लॉक्ड डोअर" केलं की ते सिमिली होतं आणि तुलना जरा सौम्य होते, कारण "सारखं" म्हटलं की दोन गोष्टी वेगळ्याच राहतात, मेटाफर त्या एकच करून टाकतं.

फक्त लाइक किंवा अ‍ॅझ दिसलं की लगेच सिमिली लिहू नका. "ही रन्स लाइक हिज ब्रदर" ही साधी तुलना आहे, माणसाची माणसाशी. सिमिलीत दोन मुळात वेगळ्या गोष्टी लागतात.

पर्सनिफिकेशन, हायपरबोल यात फार अडू नका, मराठी व्याकरणात चेतनगुणोक्ती आणि अतिशयोक्ती शिकलात तेच हे. अलिटरेशनमध्ये, म्हणजे जवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज परत येतो त्यात, मात्र एक गडबड नेहमी होते, ते अक्षरावर नाही आवाजावर ठरतं. "सिटी" आणि "कॅट" दोन्ही इंग्लिशमध्ये सी ने सुरू होतात तरी अलिटरेशन नाही, पण "काइट" आणि "कॅट" आहे. आणि प्लीज "यामुळे कविता म्युझिकल होते" असं लिहू नका, ते कुठल्याही कवितेला चालतं म्हणजे कुठल्याच कवितेबद्दल काही सांगत नाही. कुठला आवाज आहे ते बघा. स, श परत परत आले तर कुजबुज किंवा सरपटणं ऐकू येऊ शकतं, ट, क, प आले तर आदळआपट, आणि ते त्या ओळीच्या अर्थाशी जुळतंय का ते सांगा.

सगळ्यात जास्त गोंधळ आयरनीचा. वाईट नशीब म्हणजे आयरनी नाही. ट्रिपच्या दिवशी पाऊस आला हे फक्त वाईट झालं, पण आज ऊन पडणार असं टीव्हीवर सांगून बाहेर पडलेला हवामानवालाच भिजला तर ती सिच्युएशनल आयरनी, कारण जे व्हायला हवं होतं त्याच्या बरोबर उलट झालं. व्हर्बलमध्ये बोलणारा एक म्हणतो आणि त्याला म्हणायचं असतं उलट. ड्रॅमॅटिक आयरनी मला सगळ्यात भारी वाटते: प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्युलिएटमध्ये ज्युलिएट औषध घेऊन नुसती झोपलीये हे आपल्याला माहीत असतं, रोमिओला ती गेली असंच वाटतं आणि तो विष घेतो. ते वाचताना जीव तुटतो तो आपल्याला माहीत असूनही सांगता येत नाही म्हणून, आणि उत्तरात हेच लिहायचं असतं.

टोन आणि मूड पण वेगळे ठेवा. टोन म्हणजे लिहिणाऱ्याचा किंवा बोलणाऱ्याचा सूर, मूड म्हणजे वाचताना आपल्याभोवती तयार होणारं वातावरण. बोलणारा एकदम शांतपणे, थंडपणे सांगत असेल आणि आपल्याला भीती वाटत असेल, असं होऊ शकतं. कवितेतला "मी" म्हणजे कवीच असं धरू नका, "स्पीकर" लिहा, कारण कवी म्हातारा असून लहान मुलाच्या तोंडून बोलत असू शकतो.

राहिली थीम. "लोनलीनेस" हा टॉपिक झाला, थीम पूर्ण वाक्यात सांगावी लागते, म्हणजे "गर्दीत राहूनही माणूस एकटा पडतो, कारण त्याचं कुणी ऐकतच नाही" असं काहीतरी. वाक्य तयार झालं की धड्यात परत जाऊन त्याला आधार देणाऱ्या निदान दोन जागा शोधा, नाही सापडल्या तर वाक्य बदला.