टेकडीवर काम शिकायचंय? जुलैत नको, मार्चमध्ये या

दर जूनला मेसेज सुरू होतात. "ताई, वृक्षारोपण कधी आहे? आम्हालाही यायचंय." कुणी बी.एस्सी.चा असतो, कुणी आयटीला कंटाळलेला. मी सगळ्यांना सांगते, मार्चमध्ये या. निम्मे परत फोन करत नाहीत. उरलेल्यांसाठी हे लिहितेय.

जागा पुण्यातली, वेताळ टेकडी. समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंच, खाली काळा बेसाल्ट, वर वीतभर मुरूम-माती. पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडानं आपलं आपण बघायचं. वनखातं आहे, पण टेकडी तगली आहे ती रोज सकाळी चढणाऱ्या माणसांमुळेही. ही माणसं घरून बाटल्यांतून पाणी आणून रोपांना घालतात, वणवा दिसला की फांद्या घेऊन धावतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या प्रस्तावाविरुद्ध हीच मंडळी मोर्चात उतरली होती.

मी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा पहिल्यांदा आले. जुलैत टेकडीवर काम करणाऱ्या गटानं एका उतारावर चाळीस खड्डे घेऊन रोपं लावली होती आणि मार्चमध्ये मला काम मिळालं ते मेलेली रोपं मोजून उपटायचं. उपटत उपटत खड्ड्यांच्या रांगेबाहेर गेले. घोट्याइतकी उंच वाळकी काडी दिसली, ओढली, येईना. खुरप्यानं उकरलं. अर्धा फूट खाली गेले तरी अंगठ्याएवढं जाड मूळ चाललेलंच. वरची काडी पेन्सिलीहून बारीक!

"अगं अगं, थांब! पळस आहे तो." बँकेतून निवृत्त झालेले एक काका बाटली घेऊन चालले होते.

"पण काका, मेलाय की."

"वरून मेलाय. दरवर्षी मरतो."

पळसाचं रोप असंच वाढतं. पावसाळ्यात फुटतं, उन्हाळ्यात किंवा वणव्यात शेंडा जातो, मूळ मात्र दरसाल जाड होत राहतं. पुरेसा साठा झाला की एका पावसात वर येतं. मी माती परत लोटली, काकांनी त्यावर अख्खी बाटली रिकामी केली, आणि मग दोघांनी मिळून तो उतार नीट पाहिला. चाळीसपैकी नऊ रोपं जिवंत होती. त्याच पट्ट्यात कुणीही न लावलेले पळस, मेडशिंगी आणि हिवर मिळून चौदा निघाले. गट जुलैत त्यांच्यावरून चालत गेला होता. दोन तर खड्डे घेताना तोडलेही असणार.

म्हणून मार्च. गवत वाळलेलं असतं, पानं झडलेली असतात, जमिनीवर काय शिल्लक आहे ते दिसतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी खोरं देत नाही, कापडाच्या रंगीत चिंध्या देते. आपोआप आलेलं देशी रोप किंवा जुन्या बुंध्याचा फुटवा दिसला की शेजारी काठी रोवून चिंधी बांधायची. पुढचं काम साधंच: भोवतीचं गवत दिवाळीच्या सुमाराला कापायचं म्हणजे आग लागली तरी झळ कमी बसते, शेळ्यांपासून काटेरी फांद्यांचं कुंपण करायचं, उताराच्या बाजूला अर्धचंद्र आळं घालायचं. वनखात्याच्या भाषेत ही नैसर्गिक पुनर्निर्मिती. फोटोत काही दिसत नाही, हा तिचा एकमेव दोष.

आता गिरिपुष्प, म्हणजे उंदीरमारी, म्हणजे ग्लिरिसिडिया. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड. फांदी खोचली तरी जगते, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या टेकड्या हिरव्या करायला सरसकट लावलं गेलं. त्याच्या दाट राईत खाली फारसं काही उगवत नाही. हे कळलं की नवीन माणूस चिडतो आणि कुऱ्हाड मागतो. मीही मागितली होती. पण सगळं एकदम तोडलं की बुंध्यातून दसपट फुटवे येतात आणि मोकळ्या उन्हात घाणेरी नाहीतर पिवळा कॉसमॉस घुसतो. आम्ही परवानगी घेऊन फक्त देशी रोपाच्या डोक्यावरच्या फांद्या काढतो आणि त्याच तोडून रोपाच्या बुडाशी अंथरतो. पाल्यात नत्र भरपूर, ओलही टिकते. परवानगीशिवाय वनजमिनीवर पानही तोडू नका. गुन्हा दाखल होतो, आणि व्हायलाच हवा.

आणि सगळीकडे झाडं हवीतच असंही नाही. कुसळी गवताचा माळ कागदोपत्री पडीक असतो, पण पहिल्या पावसात तिथेच कुली फुलते, मागोमाग एखादी खर्चुडी सापडते, दोन्ही कंदांतून उगवणाऱ्या. तिथे दीड फुटाचा खड्डा घेणं म्हणजे कंद कापणं. यावरून आमच्या गटात दरवर्षी भांडण होतं. मी माळाच्या बाजूनं भांडते.

रोपवाटिकेत बसायचं असेल तर उन्हाळा बियांचा. पळसाची पापडी वाळली की टोकाशी एकच बी असतं, ते ताजंच पेरायचं, ठेवलं की फुकट जातं. बहाव्याचं बी सँडपेपरवर घासा, नाहीतर महिनोन्‌महिने दगडासारखं पडून राहील. पांगारा, मोई, सालई यांच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाआधी रोवल्या तरी फुटतात.

अभ्यासासाठी थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींच्या वर्णनाचा ग्रंथ (१९०१ ते १९०८), आजही उघडावी लागते. भाषा जड आहे, चिकाटी ठेवा. पुण्यात आघारकर संस्थेचं हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे, गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेत एम.एस्सी. करता येतं. पण मला मोई ओळखायला शिकवलं ते मोळी नेणाऱ्या एका मावशींनी. "ही नको गं बाई, नुसती धुमसते," म्हणत त्यांनी फांदी बाजूला टाकली. तेव्हापासून मी मोई विसरले नाही.

नोकरीचं खरं सांगते. सुरुवातीला पाहणीत मदतनीस किंवा रोपवाटिकेत काम मिळतं, पगार बेताचा. मी दोन वर्षं शिकवण्या घेऊन भागवलं. बरेचसे पैसे कंपन्यांच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामांसाठीच्या निधीतून, येतात आणि तिथे प्रश्न एकच असतो, झाडं किती लावली? मुलाखतीला गेलात तर तुम्हीच विचारा, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर मोजणी कोण करतं? समोरचा गोंधळला तर तिथे शिकायला फार मिळणार नाही. एका ठिकाणी मी हे उशिरा विचारलं आणि वर्षभर खड्ड्यांचे फोटो काढत बसले.

येताना तीन लिटर पाणी आणा, दोन रोपांना, एक स्वतःला. बूट बंद हवेत, आणि दगड हातानं उलटवायचा नाही, खाली फुरसं असतं. चिंध्या माझ्याकडे आहेत. काकांच्या पळसाला लाल बांधलीय. अजून गुडघ्याच्या वर गेलेला नाही.