रविवारच्या ब्रंचची तयारी शनिवारीच

पणजीला ब्रंचला जायचं असं ठरलं की आमच्या फोंड्याच्या घरात सगळ्यात आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं जातं. टेबल बुक करणं त्यानंतर. गोव्यात रविवार हा हक्काचा माशांचा वार. सोमवारी निम्मं गाव शिवराक, म्हणजे शाकाहारी असतं, म्हणून रविवारी ताटात मासळी हवीच. पण त्या रविवारी संकष्टी किंवा एकादशी आली असेल तर आई उपाशी बसणार आणि आपण तिच्यासमोर काटे-चमचे वाजवणार, हे बरं नाही. श्रावणात तर बेतच करू नका. महिनाभर शिवराक असतं आणि दर रविवारी घरातल्या बायकांचं आयतारपूजन, पत्री, पातोळ्या. त्या सकाळी घर सोडून कुणी निघत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, तेव्हा इसवण-पापलेटवर जीव अडकवू नका. खाडीतलं शेवटें, काळुंदर काय आहे ते विचारा. आणि २४ नोव्हेंबरपासून ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्तापर्यंत जुन्या गोव्यात नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना चालतात. आमचा रस्ता तिथूनच जातो, त्यामुळे त्या दिवसांतला रविवार आम्ही सोडूनच देतो.

तारीख ठरली की शुक्रवारी संध्याकाळी फोन करा. मोबाइलवर दिसणाऱ्या वेळांवर विसंबू नका, कारण पणजीतली काही जुनी हॉटेलं रविवारी चक्क बंद असतात. ब्रंच नक्की किती वाजता सुरू होतो हेही फोनवरच विचारून घ्या. ब्रेकफास्ट आणि लंच जोडून केलेला हा शब्द १८९५ साली इंग्लंडमधल्या एका लेखात आला, तोही रविवारसाठीच. पण आपल्याकडे त्याचे दोन वेगळे अर्थ झाले आहेत. पणजीतल्या फोंताइन्यास किंवा आल्तिनोकडच्या कॅफेत सकाळी नऊपासून अंडी, पाव, कॉफी मिळते. मोठ्या हॉटेलातला ‘संडे ब्रंच’ मात्र बहुतेक ठिकाणी साडेबाराला उघडतो, म्हणजे ते चांगलं दुपारचं जेवणच. हा फरक आधी कळला नाही तर काय होतं ते मी गेल्या वर्षी पाहिलं आहे.

अकराचं टेबल सांगितलं होतं. पोचलो तर त्यांच्या वहीत आमचं नावच नव्हतं. बाहेरच्या सोप्यावर बसवलं, ‘दहा मिनिटं’ म्हणाले, आणि बारा वाजले. बाबांना मधुमेह आहे, वय ७९. सकाळी साडेसातला त्यांनी नेहमीची गोळी घेतली होती. पुढे चांगलंचुंगलं खायचं म्हणून वर फक्त अर्धा कप चहा. बाबांनी मला दुसऱ्यांदा विचारलं, ‘आपण कुणाची वाट बघतोय?’ मला वाटलं, कंटाळले असतील. वहिनीचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. चष्म्याचं झाकण लावता येत नव्हतं, बोटं थरथरत होती आणि कानामागून घामाचा ओघळ आला होता. तिने काउंटरवरच्या साखरेच्या तीन पुड्या उचलल्या, पाण्यात ढवळल्या आणि पाजल्या. पंधरा मिनिटांनी बाबांनी झाकण स्वतः लावलं. ते पंधरा मिनिटांचं घड्याळ मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून आमची सगळी यादी बाबांपासून सुरू होते.

म्हणून घरात कुणी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेत असेल तर ब्रंचच्या दिवशी डोस आणि खाणं कसं जुळवायचं हे आधीच्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवा. आपल्या मनाने गोळी पुढेमागे करू नका. काही गोळ्यांनी पोट रिकामं असताना साखर एकदम खाली येते, काहींनी तसं होत नाही. तुमच्या पाकिटातली कोणती हे डॉक्टरच सांगतील. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळी नेहमीच्या वेळेला आणि तिच्यासोबत थोडा नाश्ता, मग बाकीचं अकराला. आता साडेसातला बाबा पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची अर्धी पोई (कोंड्याचा पाव) आणि एक अंडं खातात, आणि अकराला त्यांना पुन्हा छान भूक लागते. पिशवीत ग्लुकोजची पुडी आणि साखर मोजायचं यंत्र असतं. साखर उतरली तर साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि तरीही कमी असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट त्या वेळी कामाचं नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस नीट गिळू शकत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ १०८ ला फोन करा.

टेबल सांगताना ‘सात माणसं’ एवढ्यावर थांबू नका. फोंताइन्यासमधली जुनी घरं देखणी, पण कितीतरी ठिकाणी बसायची जागा माडीवर आणि जिना लाकडी, उभा, कठडा एकाच बाजूला. तळमजला मिळेल का? कमोड आहे का, आणि तिथवर पायऱ्या किती? रविवारी गाणारा असतो, त्याचा स्पीकर कुठे असतो? ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना स्पीकरपासून दूर, भिंतीकडे पाठ करून बसवलं की समोरच्याचे ओठ दिसतात आणि गप्पांत भाग घेता येतो. आमची आई एरवी बाहेर गप्पच असते. कोपऱ्यातलं टेबल मिळालं त्या दिवशी तिने तिच्या माहेरची, डिचोलीची अख्खी गोष्ट सांगितली. ज्याच्याशी फोनवर बोललात त्याचं नाव लिहून घ्या आणि रविवारी निघताना पुन्हा एक फोन करा.

पैशाचं आधी बोलून टाकावं. बुफेचा दर सांगतात तो बहुधा कर सोडून असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटात ५ टक्के. म्हणजे १,८०० चं ताट मोठ्या हॉटेलात २,१२४ ला पडतं. दारूवर जीएसटी नसतो, तिचा कर वेगळा, आणि दारूसह व दारूशिवाय असे दोन दर असतात. न पिणाऱ्यांचा दर वेगळा लावाल का, हे स्पष्ट विचारा. मुलांचा दर वयावर असतो. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जोडला असेल तर काढायला सांगा, आणि ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जेवण वाढणाऱ्या पोरांच्या हातात मात्र आपल्या मनाने काहीतरी ठेवाच. रविवारी त्यांचं घर त्यांच्यावाचून जेवत असतं.

मेनूकार्ड शनिवारी रात्री मोबाइलवर उघडून आईबाबांना वाचून दाखवा. तिथे जाऊन वाचायला लागलं की त्यांना उगाच संकोच होतो आणि मग ‘तू घेशील तेच’ म्हणतात. एग्ज बेनेडिक्ट म्हणजे पाण्यात उकडलेलं कवच नसलेलं अंडं, खाली गोल पाव, मध्ये बहुधा डुकराचं मांस आणि वर हॉलंडेज हा लोणी आणि जेमतेम शिजलेल्या बलकाचा सॉस. गरोदर बाई असेल किंवा कुणाची प्रकृती नाजूक असेल तर तो टाळलेला बरा. चोरिस म्हणजेही डुकराचंच मांस, आणि रोस ऑम्लेटचा रस बहुधा कोंबडीच्या शाकुतीचा, तेव्हा फक्त अंडं खाणाऱ्यांना आधी सांगा. सावरडो ब्रेडची कड कवळी बसवलेल्या माणसाला चावत नाही. कडा कापून मागा, नाहीतर सरळ पोई मागा. बाकी पॅनकेक, सॅलड, ज्यूस यांचं काही कळून घ्यायला नको. आईने एकदा अवोकाडो टोस्ट हौसेने मागवला, अर्धा खाल्ला आणि शेजारच्या टेबलावरच्या उंडे (गोल पाव) नि पातळ भाजीकडे बघत राहिली. तेव्हापासून एखादी ओळखीची डिश टेबलावर असलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं आहे.

गाडी कोण चालवणार हे निघायच्या आधीच ठरवा, आणि त्याने हुर्राकच्या, काजूच्या बोंडांच्या दारूच्या दिवसांतही, म्हणजे मार्च ते मेमध्येही, ग्लासला हात लावायचा नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गोव्यात २१ वर्षांखाली दारू नाही, कॉलेजच्या पोरांना हे घरीच सांगा. फोंडा ते पणजी जेमतेम तीस किलोमीटर, पण आम्ही सव्वा तास धरतो. चर्चजवळ सकाळच्या मिसाला आलेल्या गाड्या असतात. आधी बाबांना दारात उतरवायचं, मग गाडी लावायला जायचं.

पिशवी शनिवारी रात्री भरून दाराशी ठेवा. औषधांचा डबा, ग्लुकोज, एसीत आईला पांघरायला शाल, बाबांचा जवळचा चष्मा, मुलांसाठी रंगखडू आणि कोरे कागद, उरलेलं आणायला घट्ट झाकणाचे दोन डबे. पावसात एक जादा छत्री.

आणि निघण्याआधी मूठ-दोन मूठ उकडे तांदूळ धुऊन भिजत घाला. रात्री कुणालाच भूक नसते, पण बाबांना गोळीबरोबर काहीतरी लागतं. पूर्वी शेतावरून येऊन सकाळी अकराला ते पेजच घ्यायचे. आता ती रविवारी रात्री होते, मिठातल्या तोरांबरोबर, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांबरोबर.