सोमवारी सायकलने ऑफिसला जायचंय? मग रविवारी एवढं उरका

जेलचं सीट कव्हर घेतलं असेल तर आधी ते काढून ठेवा. नेरूळहून तुर्भे एमआयडीसीत सायकलने जायला लागलो तेव्हा मीही पहिली खरेदी तीच केली होती. दहा मिनिटं गादीवर बसल्यासारखं वाटतं, मग कव्हर सरकायला लागतं आणि मांड्या घासून निघतात. दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा गादीत नसतं, उंचीत असतं.

तेव्हा 5 आणि 6 एमएमच्या ॲलन की (बोल्ट फिरवायच्या षटकोनी चाव्या) आणि एक मार्कर घ्या, ऑफिसचेच बूट घाला आणि भिंतीला खांदा टेकून सीटवर बसा. पेडल पार खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप हलका बाक येतो. आपल्याकडे सिग्नलला दोन्ही पाय टेकावेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय, आणि भोगते ती गुडघ्याची वाटी. समोरून दुखलं तर सीट खाली आहे, मागे लवणीत दुखलं तर फार वर. उंची अर्धा अर्धा सेंटिमीटर बदला, सीटखालच्या दांडीवर मार्करने खूण करा. दांडीवर कोरलेली शेवटची रेघ मात्र बाहेर दिसता कामा नये.

आता सीटचं नाक बघा. ते खाली झुकलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि भार तळहातांवर येतो. माझ्या करंगळीला महिनाभर मुंग्या येत होत्या आणि मी भारीतले ग्लोव्ह्ज शोधत हिंडत होतो! मोबाइलमधलं उतार दाखवणारं लेव्हल ॲप सुरू करून तो सीटवर ठेवला तेव्हा कुठे कळलं, नाक खाली झुकलंय. हँडल धरल्यावर कोपर ताठ राहत असतील तर सीट थोडी पुढे घ्या किंवा सायकलवाल्याकडून हँडल वर करून घ्या.

हवेचं काम पंक्चरवाल्याच्या अंगठ्यावर सोडू नका, तो टायरचा दगड करून देतो आणि मग पेव्हर ब्लॉकवर दात वाजतात. टायरच्या कडेला पीएसआयचे, म्हणजे हवेच्या दाबाचे, आकडे छापलेले असतात. मधला धरा, मागच्या चाकात थोडी जास्त. फार कमीही नको. खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली की शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

बॅग पाठीवरून कॅरिअरवर हलवा. इथल्या दमट हवेत पाठ कोरडी राहणं हेच मोठं सुख. डबा उभा बसतोय ना, तेवढं बघा. मडगार्ड जूनच्या आधी, चेनला तेल प्रत्येक भिजण्यानंतर.

संध्याकाळी सेक्टरातच दोन-तीन फेऱ्या मारा, ॲलन की खिशात ठेवून. एका फेरीला एकच बदल, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कळत नाही.