जीपचा बॉडी माउंट घरीच दुरुस्त करताना

कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत माझ्या जुन्या जीपचा चालकाच्या बाजूचा बॉडी माउंट, म्हणजे बॉडीला चॅसिसशी (खालच्या लोखंडी सांगाड्याशी) जोडणारा आधार, कुजला होता. त्यातला रबर बुश (धक्के झेलणारा रबरी तुकडा) चेपून सपाट झाल्याने खड्ड्यात पत्रा थेट चॅसिसवर आपटत असे. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्रीच तेल मारून ठेवले. इतर माउंटचे बोल्ट सैल केल्यावरच, जॅकवर लाकडी फळी ठेवून बॉडी बोटभर उचलली, कारण अधिक उचलल्यास स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि नळ्यांवर ताण येतो. बॅटरी सोडवून, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलेल्या माउंटच्या ब्रॅकेटवर (लोखंडी आधारावर) 3 मिलिमीटर जाडीचा लोखंडी तुकडा वेल्ड केला आणि रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावला. बुशमधली लोखंडी नळी मात्र वगळू नये. बोल्ट आवळताना रबर किती दबेल, हे तीच ठरवते. बॉडी पुन्हा जागेवर आल्याने आता दरवाजा खालून न उचलता लागतो.